सहीनंतरची ओळ

दुपारचे अडीच वाजून गेले तरी मावशीचा रिपोर्ट पोहोचला नव्हता, आणि मेलबाईचा जीव टांगणीला लागला होता. तपासणी लॅबची मेलयंत्रणा सांभाळते म्हणून सगळे तिला मेलबाईच म्हणत. मोठ्या इस्पितळात रोज चार वाजता डॉक्टरांची बैठक असे. आज मावशीचा नंबर होता. रिपोर्ट नसेल तर नंबर गेला, ऑपरेशन थेट पुढच्या महिन्यात, आणि पोटातली गाठ काही तोवर थांबणार नव्हती.

तिने तीनदा पाठवला. तिकडच्या कारकुनाने तीनदा सांगितलं, आला नाही. फोटो पाठवू का विचारलं, तर म्हणाला, लॅबच्या पत्त्यावरून आलेलाच चालतो.

चौथ्यांदा तिने स्वतःच्या घरच्या पत्त्यावर पाठवून पाहिला. तो स्पॅममध्ये पडला होता, वर शेरा: सही जुळत नाही.

ही सही शाईची नव्हे. मेल निघताना यंत्र मजकुरावरून आकडेमोड करून एक खूण जोडतं, समोरचं यंत्र तीच आकडेमोड करून ताडून पाहतं. मधे एक अक्षर जरी बदललं, तरी मेल तोतया ठरतो.

ज्या गुप्त आकड्यावरून ही खूण बनते, ती सहीची किल्ली तिने तपासली, बरोबर होती. येरझाऱ्या घातल्या, गार चहा घशाखाली ढकलला, शेजारच्या तंत्रज्ञावर उगाच खेकसली. मग निघालेला आणि पोहोचलेला मेल शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचत गेली. पोहोचलेल्यात तळाशी एक ओळ जास्त होती: 'हात स्वच्छ धुवा, निरोगी राहा.'

साहेबांच्या हौसेखातर सोमवारी ही ओळ तिनेच बसवली होती, तीही मेल बाहेर पडतो त्या शेवटच्या यंत्रावर, म्हणजे सही होऊन गेल्यानंतर.

ओळ काढून तिने रिपोर्ट पाठवला. चारला दहा कमी असताना कारकुनाने कळवलं, मिळाला.

मावशी फोनवर रडायलाच लागली. "गुणाची गं माझी पोर," म्हणाली. "आता घरी ये."

मेलबाईने तोवर सोमवारपासूनची यादी उघडली होती. त्याच इस्पितळाला हीच ओळ लागून गेलेले आणखी एक्केचाळीस रिपोर्ट, प्रत्येकापुढे बैठकीची तारीख. सतरा जणांची तारीख उलटून गेली होती. त्यांच्यासाठी जीव टाकणारी भाची लॅबमध्ये नव्हती.

"मावशी, उशीर होईल मला," ती म्हणाली, आणि तिने कारकुनाला पुन्हा फोन लावला.

"चूक आमची आहे. माझीच," ती म्हणाली. "एकेक नाव सांगते, लिहून घ्या."