वीतभर वरून

"ह्या काय खुर्च्या म्हणायच्या? आणि पंखा बघ, सगळा वारा त्या कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेला."

पडद्याआड उभ्या असलेल्या मिल्काबाईंना रेमाबाईंची कुरकुर अगदी कानाशी ऐकू आली. बेलापूरचा हा हॉल कचेऱ्यांच्या गॅदरिंगसाठी बांधलेला, पहिली रांग आणि रंगमंच यांच्यात चार पावलांचं अंतर. खिडक्या उघड्या ठेवल्यामुळे दिवाळे कोळीवाड्याकडून वाळत्या बोंबलांचा वास येत होता.

रेमाबाई पनवेलहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांचा भाचा इस्रायलला, लोद गावी. मिल्काबाईंच्या दीनाचा फोटो त्याला पसंत पडला होता. आता रेमाबाईंनी मुलगी बघायची आणि होकाराचं पत्र टाकायचं, एवढंच राहिलं होतं. "नाटक करते? मग नाटकातच बघते की," म्हणाल्या होत्या.

मिल्काबाईंच्या एका हातात नाटकाची वही होती. दुसरा हात पर्समध्ये होता आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला चांदीचा प्याला. पाचच मिनिटांपूर्वी त्यांनी तो रंगमंचावरच्या टेबलावरून उचलला होता. चोरी म्हणावी तर प्याला त्यांचाच.

नाटक घरातल्याच चौघींचं: पणजी शेगुला, आजी सारा, आई आणि दीना स्वतः. एकच पातळ, पदर घ्यायच्या चार तऱ्हा, आणि चौघी जणी दीनाच करणार. वहीत नुसतं लिहिलं होतं, 'शेगुला सरबत पिते.' काल तालमीत मिल्काबाईंनी दीनाला ते प्याल्यातून ओंजळीत ओतून पिताना पाहिलं आणि तालीम संपताच तिला गाठलं.

"ते ओंजळीचं काढ ना गं."

"काढू? आई, तेच तर सगळ्यात सुंदर आहे! चौघी एकाच पद्धतीने पितो. आपल्या घरची खास पद्धत."

"खास कसली. अंगावर सांडतं नुसतं."

यापुढे त्यांना बोलता आलं नव्हतं. पद्धत कसली? शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना झाली की काळ्या मनुकांच्या सरबताचा प्याला हातोहात फिरायचा, सगळे त्याच प्याल्याला ओठ लावायचे. फक्त सिनेगॉगमधल्या मागच्या बाकावरच्या काही घरांना, मिश्र रक्ताची म्हणून, तो हातात मिळत नसे. उरलंसुरलं त्यांच्या ओंजळीत ओतत. मिल्काबाईंची आई त्या बाकावर बसायची. पुढे गाव सुटलं, घरात स्वतःचा प्याला आला, पण हातांना ते कुणी सांगितलंच नाही. मिल्काबाईंच्या थोरल्या बहिणीचं लग्न मोडलं तेव्हा मेंदी भिजवून तयार होती. कारण सांगायला कुणी आलं नाही. विचारायलाही कुणी गेलं नाही.

पडदा सरकला.

शेगुलाच्या नवऱ्याचं नाव मोशे. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून प्रार्थनेत मोशे आला की शेगुला खोकायची. दीना खोकत खोकत प्रार्थना म्हणू लागली तसा हॉल हसला. रेमाबाई तर डोळे पुसू लागल्या. मिल्काबाईंना हसू आलं नाही. खोकल्यानंतर सरबत होतं.

दीना टेबलाकडे वळली. हात प्याल्याच्या जागी गेला आणि तिथेच थांबला. तिने विंगेत पाहिलं. मिल्काबाईंनी वहीत डोकं घातलं.

जाऊ दे, पुढचं घे, बाळ. पुढचं घे.

पण दीना खाली उतरली. शेगुलाच्या चालीने, गुडघा धरत, थेट रेमाबाईंसमोर जाऊन खाली बसली. त्यांच्या मांडीवर पाण्याची बाटली होती.

"बाय, सरबत उरलंय का? घाल गं थोडं."

लोक खूश झाले. रेमाबाईही लाजत हसल्या, "मला कुठे नाटकात घेतेस!" म्हणत झाकण काढू लागल्या. दीनाने ओंजळ पुढे केली.

बाटली वर गेली. चांगली वीतभर वर. तिथून बारीक, सरळ धार ओंजळीच्या मध्यावर पडली. एक थेंब बाहेर गेला नाही. कुणीतरी मागून "वा!" म्हणालं.

दीना प्यायली, ओठ पुसले आणि शेगुलाच्याच आवाजात तिने सहज विचारलं, "एवढ्या वरून का घातलंस गं, बाय?"

हे वाक्य वहीत नव्हतं.

रेमाबाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. तो अजून वरच होता. बाटली तशीच कललेली, पाणी त्यांच्याच पदरावर सांडत होतं. मिल्काबाई कधी विंगेतून बाहेर उजेडात आल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पर्स मागेच पडली होती आणि प्याला उघडा हातात होता.

रेमाबाईंनी प्याला पाहिला, मग मिल्काबाईंचा चेहरा.

"नऊ वर्षांची होते मी," त्या हळू म्हणाल्या. "दर शुक्रवारी ते काम माझ्याकडे असायचं. आई बजावायची, वरून घाल, हात लागता कामा नये."

"कुणाचा?" हा आवाज मात्र दीनाचा होता.

रेमाबाईंनी बाटली मांडीवर ठेवली.

"तुमचा. आम्ही गोरे, तुम्ही काळे. काळे इस्रायल म्हणायचो आम्ही तुम्हाला."