चौथं पान

ठकीच्या आईला काळजी करायला एरवी कारण लागत नसे. यावेळी मात्र चांगलं भक्कम कारण हाताशी होतं. वरच्या वर्गाच्या प्रवेशपरीक्षेसाठी पियानोच्या बाईंनी ठकीला जे झेरॉक्स दिले, त्यात तिसऱ्या पानानंतर थेट पाचवं पान होतं.

"बाई, चौथं कुठंय?"

"अहो, माझ्या सरांनी मला असंच शिकवलं. रोमँटिक काळातल्या एका बाईची रचना आहे. जरा तुटक असायचीच!"

ही बाई होऊन गेली दीडशे वर्षांपूर्वी आणि आता तिला कुत्रंही विचारत नव्हतं. आईने तीन वाचनालयं पालथी घालून छापील पुस्तक मिळवलं. चौथं पान त्यात होतं, अगदी धडधाकट. ठकीने ते महिनाभर गुपचूप घोटलं.

परीक्षक म्हणून बसले होते बाईंचे तेच सर. तिसरं पान संपलं, चौथ्याचे चार सूर वाजले न वाजले, तोच सरांनी टेबलावर पेन्सिल आपटली.

"थांब! मध्येच काय घुसडलंस? चाळीस वर्षं शिकवतोय मी हा तुकडा!"

"सर, ते पुस्तकात…" आई चाचरली.

"असेल की. बायकांना थोडक्यात आटपता येतं का कधी? दुसरं काही येत असेल तर वाजव, नाहीतर पुढच्या वर्षी या."

दुसरं काही येतच नव्हतं. ठकीने नाक ओढलं, खुर्ची पुढे सरकवली आणि चौथं पान मधल्या ओळीपासून सुरू केलं. आईने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा सर मान डोलवत होते.

"वा! याला म्हणतात बांधणी! एक सूर फालतू नाही. पुरुषाचा हात लगेच कळतो. कुणाचं गं हे?"

ठकीने तोंड उघडलं. आईने तिचा खांदा असा दाबला की ते पुन्हा मिटलं.

"आधी प्रवेशाच्या कागदावर सही करा ना सर, मग सांगते."

सरांनी झोकात सही ठोकली. आईने शाईवर फुंकर मारली, कागद पर्समध्ये टाकला, चेन ओढली. मग पिशवीतून पुस्तक काढून तिने सरांसमोर चौथं पान उघडून धरलं.

"त्याच बाईंचं, सर. थोडक्यात."