लाल फडकं

लाल फडकं ही मुळात वहिनीचीच कल्पना. गॅरेजवर येणारे-जाणारे सगळे तिला वहिनीच म्हणत. तिचा नवरा त्या गॅरेजचा मालक, मेकॅनिक आणि हरकाम्या, सगळं एकटाच. हाताचा पक्का, पण डोक्याने विसरभोळा. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणार. समोरचा चहा गार करून वर विचारणार, आज चहा नाही का? अशा माणसाच्या हाती लोकांच्या गाड्या म्हणजे जिवाला घोरच. म्हणून तिने एका जुन्या चादरीची दोन लाल फडकी फाडली आणि बजावलं, काम अर्धवट असेल त्या गाडीच्या स्टिअरिंगला हे बांधायचं. फडकं आहे तोवर गाडी हलणार नाही, गाडीवाला कितीही आदळआपट करो. चार वर्षं हा नियम कुणी मोडला नव्हता.

त्या शनिवारी दुपारी ती घरामागच्या मोरीत आठवड्याची तेलकट फडकी धूत होती. बादलीच्या तळातून एक वर आलं ते लाल. तिने ते पिळलं आणि पिळता पिळताच थांबली. फडक्याला गाठीच्या चुण्या पडल्या होत्या, पाण्यातही न गेलेल्या. दुसरं लाल फडकं समोर गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला लटकत होतं, ते मोरीच्या दारातून स्वच्छ दिसत होतं. मग हे सकाळी बाईंच्या गाडीत बांधलेलं.

पण बाईंची गाडी गॅरेजमध्ये नव्हती. बाई ती घेऊन गेल्या होत्या, आणि किल्ली वहिनीनेच त्यांच्या हातात दिली होती.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. आठवीत वहिनीला त्यांनीच शिकवलेलं, आणि अजूनही त्या तिला हजेरीच्या नंबरानेच हाक मारत. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांना तेल चोळत बसतात; बाईंनी दोन दारांची, निळी, बाणासारखी सुटणारी गाडी घेतली. जुनी होती, पण जातिवंत. तिचे नखरे काय सांगावेत. प्रत्येक गतिरोधकाला तिचं नाक घासायचं. गर्दीत अडकली की तापायची. ब्रेक असे खायची की मेकॅनिक म्हणायचा, बाई, तुम्ही गाडी चालवता की ब्रेक तळता? पेट्रोलही तिला साधं चालत नसे, महागातलं लागे, आणि ते सगळ्या शहरात एकाच पंपावर मिळे. बाईंचं मात्र सगळं शिस्तीत. गाडी चालवताना फोन डिकीत, कारण हाताशी असला की उचलावासा वाटतो.

सकाळी काय झालं ते आता वहिनीला एकेक आठवू लागलं आणि आठवू नये असं वाटू लागलं. नवऱ्याने पुढचे ब्रेक बदलले, चाकं चढवली, फडकं बांधलं आणि कसलासा पाना आणायला तो दोस्ताच्या गॅरेजवर गेला. ती गाडी आतून पुसायला बसली. फडक्याचं तेल स्टिअरिंगच्या कातड्याला लागत होतं. बाई चिडतील, म्हणून तिने ते सोडलं आणि तेलकट फडक्यांत टाकलं. खिळ्यावरचं स्वच्छ बांधायला उठली, तेवढ्यात आत गॅसवर दूध उतू गेलं. दूध, शेगडी, ओटा. फडकं राहिलं ते राहिलंच.

बाई यायच्या होत्या संध्याकाळी. आल्या भर दुपारी, रिक्षाने, घाईघाईने. नातीच्या हायवेवरच्या वसतिगृहातून फोन होता, पोरगी तापाने फणफणली आहे, घेऊन जा.

"सतरा नंबर, गाडी झाली का गं?"

आणि वहिनीने नियमाप्रमाणे स्टिअरिंगकडे पाहिलं. फडकं नव्हतं. फडकं नाही म्हणजे गाडी तयार.

"झाली वाटतं बाई. पेट्रोल मात्र कमी आहे."

"भरते वाटेत," म्हणत बाई गेल्याही. त्याला आता वीस मिनिटं झाली होती.

तिने ओल्या हातांनीच नवऱ्याला फोन लावला.

"अहो, बाईंच्या गाडीचं काय राहिलं होतं?"

"पुढच्या चाकांचे नट. नुसते फिरवून ठेवलेत. त्या चाकांना अंदाजाने आवळलेलं चालत नाही. जोर पुरा झाला की टक् वाजणारा पाना लागतो, तो आत्ता मिळाला. निघतोच. का गं?"

"बाई गाडी घेऊन गेल्या."



"फडकं बघितलं नाहीस?"

"बघितलं. नव्हतं."

"नव्हतं कसं? मी बांधलं होतं. बांधलं होतं ना मी?" त्याचा आवाज पातळ होत गेला. "विसरलो की काय. विसरलोच असणार. अगं, मी काय करून बसलो."

वहिनीने तोंड उघडलं. फडकं हातात होतं, त्यातून पाणी गळत होतं. दोन शब्द सांगायचे होते, मी काढलं. पण बाहेर आलं भलतंच.

"पाना घेऊन हायवेला या. मी पंपावर बघते."

बाईंचा फोन डिकीत वाजत राहिला असणार. तिने तीनदा लावला आणि स्कूटर काढली. फडकं कुठे ठेवायचं सुचेना म्हणून ते हँडलच्या हुकाला अडकवलं. वाटभर ते तिच्या गुडघ्यावर थंड थेंब टाकत होतं, आणि तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, चाक. चाक सुटतं तेव्हा आवाज होतो का? माणसाला कळतं का? सिग्नलला ती थांबली. कपाळावरच्या चष्म्यावरून आपण नवऱ्याला किती हसलो, तेही तिला नेमकं तेव्हाच आठवलं.

पंपावर निळी गाडी नव्हती.

"त्या बाई ना? गेल्या की, दहा मिनिटं झाली," पंपावरचा माणूस म्हणाला. "स्टिअरिंग जरा थरथरतंय म्हणत होत्या. मी चाकांची हवा बघितली. हवा बरोबर होती. म्हटलं, जा बिनधास्त."

त्याला काही बोलावं तर तो बिचारा काय चुकला होता? चाक हाताने हलवून बघायला त्याला कोण सांगणार?

हायवेवर तिने आजवर स्कूटर घातली नव्हती. ट्रक बाजूने गेला की स्कूटर अख्खी सरकायची. ती पांढऱ्या पट्टीवर नजर लावून, दात आवळून चालली होती. पुढच्या वळणावर गर्दी दिसली. माणसं उतरून रस्त्याकडे बघत उभी, एक ट्रक आडवा लागलेला. ब्रेक दाबायचं भान राहिलं नाही, स्कूटर आपसूकच मंदावली. गर्दीच्या मधोमध जमिनीवर काहीतरी निळं होतं.

ती ताडपत्री होती. ट्रकवरून खोकी पडली होती आणि माणसं ती गोळा करत होती, एवढंच. तिला रडू फुटलं. रडत रडतच ती पुढे निघाली, कारण खोकी पडली म्हणून बाई वाचल्या असं थोडंच होतं.

तीन किलोमीटरवर, पुलाच्या अलीकडे, निळी गाडी कडेला उभी होती. दोन्ही दिवे लुकलुकत होते. बाई जवळच्या दगडावर ताठ बसल्या होत्या, वर्गात पेपर वाटून बसायच्या तशा.

"चाळीसला थोडं थरथरायचं, साठला वाढलं, सत्तरला आवाज यायला लागला," त्या म्हणाल्या. "वेगाबरोबर वाढतंय म्हणजे दोष चाकात. म्हणून थांबवली." मग त्यांचा आवाज जरासा हलला. "खाली उतरून बघते तर पाचातले दोन नट गायब. डिकीतून फोन काढायला उठायचं, तर पायच उचलत नाहीत गं."

वहिनी त्यांच्या पायाशी मातीतच बसली. बाईंचे गुडघे दोन्ही हातांनी धरले तेव्हा कुठे तिला खरं वाटलं.

मेकॅनिक दोस्ताची मोटरसायकल घेऊन आला. चेहरा राखेसारखा. बाई धडधाकट दिसल्या तरी तो जवळ येईना, चार हातांवरच उभा राहिला.

"बाई, चूक माझी आहे. फडकं बांधायचं विसरलो. आजपासून गॅरेज बंद करतो मी. माझ्या हातून आज..."

"गॅरेज काय बंद करतोस? डोकं उघड," बाई कडाडल्या. "माझी नात या गाडीत बसणार होती, कळतंय का तुला? तुला नसेल जमत तर तुझ्या बायकोला बांधायला सांगत जा. ती तरी लक्षात ठेवेल."

मेकॅनिकने मान खाली घातली. चष्मा कपाळावरच होता.

वहिनी उभी होती आणि तिला पुन्हा भीती वाटत होती, मघापेक्षा जास्त. मघाची भीती धावत सुटायला लावणारी होती. ही जागेवरून हलू देत नव्हती. गप्प राहिलं तर काही बिघडणार नव्हतं. नवरा विसरभोळा हे जगजाहीर. त्याने स्वतःच कबूल केलेलं. बाई वाचलेल्या. कुणाला कधीच कळलं नसतं.

तो जॅक लावायला वाकला. मागच्या चाकांचा एकेक नट काढून त्याने पुढे लावला. गाडी खाली घेतली आणि पाना धरला, तर पाना नटावर बसेना. हात इतके थरथरत होते की लोखंडावर लोखंड नुसतं वाजत होतं. पंचवीस वर्षांत तिने त्याचा हात कधी हललेला पाहिला नव्हता.

"अहो," ती म्हणाली. "तुम्ही बांधलं होतं."

त्याने वर पाहिलं.

"फडकं तुम्ही बांधलं होतं. मी सोडलं, पुसायला म्हणून. दुसरं बांधायचं राहिलं. विसरले मी." स्कूटरवरचं फडकं काढून तिने पुढे केलं. "फोन केला तेव्हा हे हातातच होतं."

मेकॅनिक फडक्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"मी तिकडून इकडे येईपर्यंत काय काय बघितलं डोळ्यांसमोर, तुला माहीत आहे?" तो हळू आवाजात म्हणाला. "सांगायचं होतंस गं फोनवर."

घाबरले होते, हे काही उत्तर नव्हे.

त्याने पाना उचलला. या वेळी तो नटावर बसला. टक्. दुसरा, टक्. चारही चाकं त्याने दोनदा आवळली, बाईंना साठच्या वर जाऊ नका म्हणून सांगितलं. "चाळीसच्या," बाई म्हणाल्या, आणि जाताना खिडकीतून वहिनीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "सतरा, घरी जाऊन आधी काहीतरी खा." निळी गाडी सावकाश पुलावर चढली आणि दिसेनाशी झाली.

वहिनी स्कूटरकडे गेली. किल्ली घालायला लागली, तर किल्ली भोकात जाईना. दोनदा, तीनदा. मेकॅनिक मागून आला. तिच्या हातातलं ओलं फडकं त्याने काढून घेतलं आणि स्कूटरच्या हँडलला बांधलं. दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या.

"ही राहू दे इथे, संध्याकाळी येऊन नेतो," तो म्हणाला. "तू मागे बस."