सत्कारानंतरचा खून

मारोतराव गळा दाबायचे आणि हात काढता काढता विचारायचे, "लागलं का गं माय?"

माय म्हणजे रुतिका. करावे गावची कोळ्यांची पोर, कॉलेज संपवून नोकरीला लागलेली, आणि आमच्या नाटकात मालिनी. ती मेलेली असल्यामुळे तिला उत्तर देता यायचं नाही. पण उत्तर मिळाल्याशिवाय मारोतरावांना पुढचं वाक्य आठवायचं नाही. मग ती डोळे मिटूनच 'नाही' म्हणून मान हलवायची, आणि दिगंबर हा थंड डोक्याचा खुनी निश्चिंत मनाने पुढे बोलायला लागायचा.

"काका, प्लीज," शिवतेज डोकं धरायचा. "तुम्ही मर्डर करताय. इंजेक्शन नाही देत."

शिवतेज आमचा दिग्दर्शक. खारघरहून स्कूटरवर यायचा, वय माझ्या मुलाएवढं, कुठल्यातरी शिबिरात नाटक शिकलेला. हे नाटकही त्यानेच लिहिलेलं. दिगंबर नावाचा एक सज्जन घरमालक असतो. त्याने पूर्वी एक खून पचवलाय हे त्याच्या भाडेकरणीला, म्हणजे मालिनीला, कळतं. म्हणून तो तिचाही गळा दाबतो, आणि सज्जन असल्यामुळे कोणाला संशय येत नाही. संपलं नाटक. "माणसाने घरी जाऊन दोनदा कडी तपासली पाहिजे," असं शिवतेजचं म्हणणं. आमची सोसायटी सीवूड्सची. तिथे तीन-तीन कुलपं आणि वर कॅमेरा, त्यामुळे ती मेहनत आधीच झालेली होती.

मी आमच्या नाट्यमंडळात कपडे बघते आणि विंगेतून वाक्यं सांगते. नाटकातलं मला कोणी शिकवलेलं नाही. ब्लाउज शिवता शिवता एवढं कळलं, की कुठे सैल आहे ते जवळून दिसत नाही, दोन पावलं मागे जावं लागतं. विंगेतून मला दिसायचं, की पहिला अंक मारोतरावांच्या अंगावर मापाने बसलाय. भाडेकरणीला पाणी आलं का विचारणारा, जिन्यात बाजूला होऊन वाट देणारा दिगंबर त्यांना करावा लागतच नव्हता. खून आला की मात्र सगळं लोंबायचं.

मारोतराव मूळचे नांदेडकडचे. तीस वर्षं पाणीखात्यात तक्रारीच्या खिडकीवर बसले. नळाला पाणी नाही म्हणून गाव येऊन ओरडायचं, आणि हे "बघतो साहेब, बघतो ताई" म्हणत लिहून घ्यायचे. ऑफिसच्या नाटकात दरवर्षी पडदा ओढायचं काम यांच्याकडे. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा कोणीतरी त्यांना पडद्याच्या पुढे उभं केलं होतं. भूमिका मिळाली त्या दिवशी त्यांनी सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा पेढा दिला. "खुनी झालोय," म्हणाले.

त्यांना राग यावा म्हणून शिवतेजने सगळे उपाय केले. एकदा म्हणाला, "काका, आयुष्यात ज्याचा सगळ्यात जास्त राग आला तो माणूस डोळ्यांपुढे आणा."

मारोतरावांनी दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "एक सापडला. आमचे जुने साहेब. पण ते वारले हो. शोकसभेत मीच बोललो होतो, चांगलं बोललो होतो."

त्यांच्या बायकोला, बयाबाईंना, मी विचारलं, घरी कधी चिडतात का. त्या भाजी निवडत होत्या. "एकदा चिडले वाटतं," म्हणाल्या. "पण मला कळलं नाही. त्यांनीच नंतर सांगितलं."

शेवटी शिवतेजने स्पष्ट सांगितलं. नाट्यस्पर्धेच्या आधी करावे गावात एक प्रयोग होता, रुतिकाच्या काकांनी, जानूशेठनी, देवळापुढच्या मैदानात ठरवलेला. "काका, तिथे जमलं नाही तर स्पर्धेत दिगंबर मी करीन. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही, नाही, बरोबर आहे तुमचं," मारोतराव म्हणाले. मग माझ्याकडे येऊन त्यांनी अंगातला दिगंबरचा कोट काढला आणि घडी घालायला लागले. बराच वेळ घालत होते. "शर्मिलाताई, शिवतेजला हा खांद्यात घट्ट होईल," एवढंच म्हणाले.

करावेचा प्रयोग संध्याकाळी होता. पुढे सतरंजीवर गावच्या बायका, मागे खुर्च्यांवर आमची सोसायटी, आणि कुंपणापलीकडे रिक्षावाले उभे. पहिल्या रांगेत रुतिकाची आजी गंगूबाई, खाडीच्या मासळीवर चार पोरं वाढवलेली बाई, मांडी घालून बसलेली. पहिल्या अंकात मालिनी दिगंबरला धमकी देते. त्यावर आजी खालून नातीला म्हणाली, "गो पोरी, कशाला तरास देतंस त्या मानसाला? भला मानूस हाय."

आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. विंगेत शिवतेजने कपाळ भिंतीला टेकवलं. भिंत कापडाची होती.

दुसरा अंक आला. मारोतराव मालिनीच्या मागे जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी काहीतरी ठरवलेलं होतं. जबडा आवळलेला होता. मीही हातातली वही घट्ट धरली. त्यांनी हात उचलले, रुतिकाच्या गळ्याभोवती नेले, आणि लाऊडस्पीकर खरखरला.

"नाटक दोन मिनिटं थांबवावं ही विनंती," जानूशेठचा आवाज आला. "आपले लाडके प्रमुख पाहुणे आलेले हायत."

हे आमच्या शिवतेजला माहीत नव्हतं. गावात पाहुणा आला की जे चाललंय ते थांबतं. आरती सोडून सगळं. पाहुणे पांढऱ्या कपड्यांत मागे चार माणसं घेऊन थेट स्टेजवर आले, म्हणजे मालिनीच्या बंद खोलीत. जानूशेठनी माईक घेतला. "खून करनारे काका आनि जिचा खून चाललाय ती आमची पुतनी, दोघांचाबी सत्कार होईल."

मारोतरावांनी गळ्यावरचे हात काढले आणि नमस्काराला जोडले. त्यांना शाल आली, नारळ आला. रुतिकालाही आला. मग पाहुणे बोलायला लागले.

अशी नाटकं झाली पाहिजेत, म्हणाले. यामुळे गुन्हेगारी कमी होते. शेवटी गुन्हेगार पकडला जातोच, हा संदेश कलाकारांनी उत्तम दिलाय. अजून शेवट झाला नव्हता आणि त्यात कोणी पकडलं जात नाही, पण शिवतेज आता स्टेजकडे बघतच नव्हता. पाहुणे रस्त्यांवर आले, गटारांवर आले, मग पाण्यावर आले. "एके काळी या भागात नळाला पाणी नव्हतं. का? पाणीखात्यातली माणसं. खिडकीवर बसून नुसते बघतो, बघतो. झोपा काढायचे. मी एकेकाला उभा करून झापलाय. त्या लोकांना लाज नव्हती."

मी मारोतरावांकडे बघत होते. ते शाल अंगावर, नारळ हातात, मान खाली घालून उभे होते, तीस वर्षं बसले असतील तसे. मग त्यांनी नारळ खाली ठेवला. नीट, आवाज न करता. शाल काढून त्यावर ठेवली. आणि पाहुण्यांच्या अगदी जवळ गेले.

"साहेब," ते म्हणाले, "खाली बसा. माझा खून राहिलाय."

आवाज चढला नव्हता. उलट उतरला होता. माईक जवळ असल्यामुळे तो मैदानभर गेला आणि खाडीपर्यंत गेला असेल. असा आवाज मी त्या माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. कोणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. पाहुण्यांचं वाक्य अर्धं राहिलं. ते बसले. जवळ जी खुर्ची होती तिच्यावर बसले, म्हणजे मालिनीच्याच खोलीत, खिडकीखाली, गळ्यात हार घेऊन. त्यांची चार माणसं स्टेजवरून कधी उतरली ते दिसलं नाही.

मारोतराव वळले. रुतिका नारळ ठेवून आपल्या जागी गेली. मग खून झाला. मी विंगेत होते, मला पाठ आहे की हात गळ्याला टेकवायचेसुद्धा नसतात, तरी मी एक पाऊल पुढे टाकलं होतं. तो माणूस घाई करत नव्हता. काम करत होता. मालिनी पडली. दिगंबरने रुमालाने हात पुसले, खोलीभर नजर फिरवली आणि नाटकातलं वाक्य म्हटलं, "कोणी पाहिलं तर नाही ना?"

खुर्चीवरच्या पाहुण्यांनी जोरजोरात 'नाही' म्हणून मान हलवली.

कोणी हसलं नाही. एरवी असल्या गोष्टीला गाव आठवडाभर हसतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून गंगूबाई उठली, स्टेजच्या कडेला आली आणि नातीकडे वाकून बघायला लागली. दिगंबरकडे ती बघत नव्हती. प्रेताने पायाचा अंगठा हळूच हलवला. आजीने तो दोन वेळा चिमटीत धरून पाहिला, आणि मगच जाऊन बसली.

पडदा पडल्यावर शिवतेज मारोतरावांच्या पायाच पडला. "काका, रोल तुमचा. स्पर्धा, फायनल, सगळं तुमचं. आणि तो खुर्चीवरचा माणूस, तोपण ठेवू या. हॉरिबल इफेक्ट आहे."

"खरंच जमलं?" मारोतरावांनी मला विचारलं. त्यांचा आवाज परत नेहमीच्या जागी आला होता. मी म्हटलं, जमलं. चेहरा असा उजळला की कोणाला वाटावं यांना जावई मिळाला. ते एकेकाला भेटायला मैदानात उतरले. लोक हसून बोलत होते, कौतुक करत होते, फक्त जरा मागे सरकून. एका बाईने कडेवरचं पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मारोतरावांच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल. त्यांनी हात मागे बांधून घेतले.

आम्ही तिघं निघालो, ते, बयाबाई आणि मी. बयाबाई प्रयोगभर खुर्चीत बसून होत्या.

"कसं वाटलं?" मारोतरावांनी विचारलं.

"चांगलं होतं," बयाबाई म्हणाल्या. चार पावलांनी म्हणाल्या, "हा आवाज एवढी वर्षं घरात कुठं ठेवला होता?"

"मलाही नव्हतं माहीत गं," मारोतराव म्हणाले. मला वाटतं ते खरं बोलत होते.

कुंपणाजवळ रिक्षा उभी होती. रात्रीच्या त्या वेळी सीवूड्सला जायचं म्हटलं की रिक्षावाला आधी आभाळाकडे बघतो, मग मनाला येईल तो आकडा सांगतो. मारोतराव वाकून अगदी नरमाईने म्हणाले, "येता का दादा, सीवूड्सपर्यंत?"

रिक्षावाल्याने कुंपणावरून सगळं नाटक बघितलं होतं. त्याने त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या हातांकडे बघितलं, आणि कुठलाच आकडा न सांगता मीटर टाकला.

बयाबाईंनी मला मधे बसवलं.