एका मिनिटाला अठ्ठ्याऐंशी

“उशी छातीवर नाही हो, पोटावर,” सिस्टर म्हणाल्या, तशा चटयांवर पडलेल्या अकराही बायका माना वळवून त्याच्याकडे बघायला लागल्या. बारावी चटई त्याची होती. त्याने मुकाट्याने उशी खाली सरकवली.

“नाकाने आत, चार मोजत. तोंडाने बाहेर, सहा मोजत. कळ आली म्हणून अंग आखडायचं नाही.”

तो मोजत होता, पण त्याचे चार अंक दोनातच उरकत होते.

“भाऊ, तुम्हाला कितवा?” शेजारच्या चटईवरच्या बाईने दर आठवड्यासारखंच विचारलं. तिची ही तिसरी खेप. बाळंतपणाच्या या वर्गाला आपण शिकायला कमी आणि तासभर घरातून सुटका म्हणून जास्त येतो, असं तीच सांगायची. एरवी तो “आठवा लागलाय” असं गंभीर चेहऱ्याने म्हणाला असता आणि सगळ्या हसल्या असत्या. आज तो नुसताच हसला आणि खिशातला फोन काढून बघितला. फोनवर काही आलेलं नव्हतं. मिनिटभराने त्याने तो पुन्हा काढला.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्नाला नऊ वर्षं होऊन गेल्यावर त्याच्या बायकोला दिवस गेले. सातव्यात तिचं बीपी वाढलं, पाय सुजले आणि डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. “वर्गाला मग घरातलं कुणीतरी येऊ दे,” असं सिस्टर बोलता बोलता म्हणाल्या. आई, बहीण, नणंद असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असणार. याने ते मनावर घेतलं आणि पुढच्या गुरुवारी सकाळी दहाला वही घेऊन हजर झाला. शिकायचं आणि घरी जाऊन बायकोला शिकवायचं, असं चाललं होतं. कामावर त्याला सगळे ‘बाळंतीणबाई’ म्हणायला लागले. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मागच्या महिन्यात दोन मजल्यांच्या मधे अडकलेला एक जाडजूड वकील आतून दारावर लाथा मारत होता, तेव्हा यानेच बाहेरून ओरडून त्याला नाकाने आत, तोंडाने बाहेर करायला लावलं होतं. वकील गार झाला. सुटल्यावर तो जन्मभर ऋणी राहीन म्हणाला आणि जिन्याने खाली गेला.

आज मात्र याचाच जीव थाऱ्यावर नव्हता.

काल संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा बायको डाव्या कुशीवर पडून होती. “अहो, हे नीट हलतच नाहीये. चारपासून मोजतेय. दोन तासांत तीनदा.”

दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर थेट दवाखाना गाठायचा, हे गेल्याच गुरुवारी शिकवलं होतं. त्याच्याच अक्षरात, खाली रेघ मारून, वहीत लिहिलेलं होतं. पण दवाखाना म्हणजे तीन मजले उतरणं. लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही, हा विनोद शेजाऱ्यांनी बोलून बोलून पार झिजवला होता. शिवाय पंधरा दिवसांपूर्वी असेच ते धावत गेले, तेव्हा ड्यूटीवरच्या डॉक्टरने तपासून म्हटलं होतं, “सगळं ठीक आहे. उठसूट पळत येऊ नका, तिलाच त्रास होतो.” ते याला फार लागलं होतं.

आणि त्याचा स्वतःच्या कानांवर भलताच विश्वास होता. मशीनवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की बेअरिंग गेलंय का ब्रेक घासतोय ते तो न उघडता सांगायचा. बावीस वर्षांत क्वचितच चुकला असेल. “डॉक्टर माणसं ऐकतात, मी लोखंड ऐकतो,” असं तो म्हणायचा. त्याने तेल ओतायचं नवं नरसाळं घेतलं आणि त्याला हातभर नळी जोडली.

“आता माझी दुरुस्ती का?” बायको म्हणाली.

“गप्प पड. श्वास हळू घे.”

नरसाळं पोटावर इकडे तिकडे सरकवत तो ऐकू लागला. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. बेंबीजवळ त्याला ते सापडलं. धप्, धप्, धप्. त्याने घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजलं.

“अठ्ठ्याऐंशी,” तो म्हणाला. “एकसारखं. एक ठोका इकडचा तिकडे नाही. झोपलंय गं ते. बापावर गेलंय.”

ती रडायलाच लागली, मग हसली, आणि दिवसभरात पहिल्यांदा धड जेवली. त्यानेही वहीत तारीख टाकून ‘८८, सुरळीत’ असं लिहिलं. आपण बाप झालो, असं त्याला खऱ्या अर्थाने काल वाटलं.

सकाळी निघताना ती म्हणाली, “अजून गप्पच आहे हो.”

“काल ऐकलंय ना मी?” तो जरा तोडूनच बोलला आणि बाहेर पडला. पण जिना उतरताना तो एकदा मागे वळून थांबला आणि तेव्हापासून सारखा फोन काढून बघत होता.

“उठून बसा सगळ्याजणी,” सिस्टर म्हणाल्या. मग त्याच्याकडे बघून, “सगळेजण. आज ठोके ऐकायचे.” त्यांनी मुठीएवढं यंत्र काढलं, तिसऱ्या खेपेच्या बाईला पुढे बोलावून ते तिच्या पोटावर टेकवलं. खोलीभर टकटकटकटक असा आवाज भरला. बायका खुदखुदल्या. एकीने डोळे पुसले.

तो मात्र ताडकन उठून उभा राहिला. “सिस्टर, हे फार जोरात चाललंय.”

“भाऊ, माझं काय मशीन आहे का?” ती बाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

“बाळाचं असंच असतं,” सिस्टर म्हणाल्या. “मिनिटाला एकशेवीस, तीस, चाळीस. धावतच असतं ते.”

“आणि अठ्ठ्याऐंशी असले तर?”

“मग ते बाळाचे नसतात. आईच्या पोटात मोठी शीर असते, ती वाजते. म्हणून तर घरी कान लावून ठरवायचं नाही म्हणते मी. पुष्कळजण फसतात.” एवढं बोलून त्या थांबल्या. “का विचारलंत?”

त्याने वही उघडून त्यांच्यापुढे धरली. सिस्टरांनी ते वाचलं. अठ्ठावीस वर्षं त्या हे काम करत होत्या. त्यांनी ओरडण्यात एक क्षणही घालवला नाही.

“हलून किती वेळ झाला?”

“काल संध्याकाळी तीनदा. त्यानंतर नाही.”

“जा. आत्ताच्या आत्ता घेऊन या. मी आत सांगून ठेवते.”

कुणीही हसत नव्हतं. तिसऱ्या खेपेच्या बाईने वाकता येत नसताना वाकून त्याच्या चपला त्याच्यापुढे ठेवल्या.

त्याने बायकोला खुर्चीत बसवून शेजारच्या दोघांच्या मदतीने खाली आणलं. पुढचे पाय त्याने धरले होते, त्यामुळे तो उलटा उतरत होता आणि तिचा चेहरा सारखा समोर होता.

“काल तर चांगलं होतं ना?” ती म्हणाली. “तुम्हीच मोजलंत.”

दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले, तेव्हा त्याने सांगून टाकलं. “मी ऐकलं ते तुझं होतं. बाळाचं नव्हतं. मला कळलं नाही.”

शेजारी दुसरीकडे बघू लागले. तिने मान जिन्याच्या भिंतीकडे वळवली. पुढे दवाखान्यापर्यंत ती तशीच तोंड फिरवून होती.

सिस्टरांनी यंत्र टेकवलं. वरती, खाली, डाव्या बाजूला, पुन्हा खाली. धप्, धप् तेवढं येत होतं. तो ते आता लगेच ओळखत होता आणि त्याला स्वतःच्या कानांची किळस येत होती. मोठी डॉक्टर आली, सोनोग्राफीचा पडदा स्वतःकडे वळवून बराच वेळ बघत राहिली. मग तिने पडदा बंद केला, स्टूल ओढलं आणि बायकोचा हात हातात घेतला.

बाहेर त्याने सिस्टरांना गाठलं. “काल संध्याकाळीच आणलं असतं तर वाचलं असतं?”

नाही म्हणणं सोपं होतं. सिस्टरांनी त्याच्याकडे नीट बघितलं.

“माहीत नाही मला,” त्या म्हणाल्या. “कदाचित. कदाचित नाही. खोटं नाही सांगणार तुम्हाला.” मग म्हणाल्या, “पण अजून तिला बाळंत व्हायचंय. औषध देऊन कळा आणाव्या लागतील. त्या खऱ्याच असतात, काही कमी नसतात.”

औषध सुरू झालं. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने पाणी दिलं तर प्यायची, परत भिंतीकडे वळायची. त्याला वाटत होतं, हिने चार शिव्या घालाव्यात, निदान नरसाळ्यावरून तरी बोलावं. तो खोलीत येरझाऱ्या घालत होता, दाराची कडी तपासत होता, पंख्याची कुरकुर ऐकून त्याचं बेअरिंग गेलंय हे ओळखत होता आणि ओळखलं म्हणून स्वतःवरच चिडत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळा वाढल्या. तिला आत घेतलं, तेव्हा आयाने दारात हात आडवा घातला. “पुरुषांनी बाहेर थांबायचं. अशा वेळी तर नकोच.”

तो निमूटपणे मागे सरला. आपल्याला आत जायचा हक्क आहे, असं त्यालाही वाटत नव्हतं.

“त्यांना येऊ दे,” आतून बायको म्हणाली. कालपासूनचं तिचं ते पहिलंच वाक्य होतं.

“बाई, ऐका माझं, बघवायचं नाही त्यांना.”

“मला काहीच आठवत नाही,” ती धापा टाकत म्हणाली. “वर्ग त्यांनी केलाय.”

आयाने सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी मान हलवली. दारामागच्या खिळ्यावरचा हिरवा झगा काढून आयाने त्याच्या हातात दिला. त्याने तो घातला, पण बंद पाठीवर बांधायचे असतात हे त्याच्या लक्षात येईना आणि तो ते पुढे ओढत राहिला. शेवटी सिस्टरांनीच त्याला पाठमोरं केलं, एकेक करून ते बांधले आणि खांद्याला धरून तिच्या उशाशी नेऊन उभं केलं.