घरचा विळा

मालूने गुरुजींच्या मनगटाचा लचका तोडला तो मंगळवारी, आणि बुधवार उजाडेपर्यंत खर्डीपलीकडच्या साऱ्या वाड्यांना ते कळलं होतं. लचका हा शब्द वाडीचा. खरं तर चार दातांच्या खुणा होत्या आणि थोडं रक्त. पण सुरेंद्र गुरुजींनी पट्टी कोपरापर्यंत अशी गुंडाळली होती, की बघणाऱ्याला वाटावं, हात वाघाच्या जबड्यातून सोडवून आणलाय.

चावण्याआधी काय झालं होतं, ते मात्र कुणी कुणाला सांगत नव्हतं. शाळेसमोरच्या आंब्याला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय, तीच शाळेची घंटा. ती ठणठणली की नऊ वर्षांची मालू दोन्ही कान दाबून किंचाळायची, डोकं भिंतीवर आपटायची. गुरुजींच्या लेखी हा माज, आणि माजावर त्यांच्याकडे औषध एकच, निरगुडीची फोक. मंगळवारी फोक पाठीवरच मोडली. तेव्हा त्यांनी पोरीचे हात कानांवरून ओढून धरले आणि बाहेर ओरडले, "वाजवा रे, अजून वाजवा! बघू किती वरडते!" मग ती चावली. बैलसुद्धा शिंग मारतो हो, ही तर माणसाची पोर.

यमूने, मालूच्या आईने, रात्री पोरीच्या पाठीला खोबरेल लावलं तेव्हा वळ बोटांना लागत होते. मालू मात्र नेहमीसारखी चिंचोक्यांची रांग मांडत बसली होती, एकाला एक चिकटून, भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत. ती बोलत नसे. कुणी अंगाला हात लावलेला तिला खपत नसे. बापाने तर तिला शेवटचं उचललं ते ती रांगती असताना.

बाप म्हणजे म्हादू. भातसानगरच्या कॉलनीत रोजावर गवत काढायला जायचा. माणूस कष्टाळू, पण राग नाकाच्या शेंड्यावर. चार लोकांत मान खाली गेली की त्याला घर जाळावंसं वाटे.

"बास झालं," तो म्हणाला. "रविवारी अवस हाय. मुरबाडकडून चांगोबाला बोलवतंय. डाग देऊन टाकू."

चांगो भगताच्या डागाचे नियम ठरलेले होते. लाल तापवायचा विळा घरचाच हवा, ज्याने घरच्या बाईने भात कापलाय तो. पोराला धरायचं बापानेच, दुसऱ्या कुणी धरलं तर पोराला लागलेलं भूत त्या धरणाऱ्याच्या अंगात शिरतं. आईने तोंड फिरवून उभं राहायचं. आटगावकडच्या जनीला त्याने असेच तीन डाग दिले होते. जनी आता ओरडत नाही. ती काहीच करत नाही, दारात बसून असते. लोक म्हणतात, गुण आला.

यमूने जनीला बघितलं होतं. त्या रात्री तिने म्हादूचे पाय धरले. "शुक्रवारी शहापूरला गुरुजी लोकांचं शिक्षण हाय, आईबापांनाबी बोलावलंय. मालूसारख्या पोरांना कसं सांभाळायचं, ते एक मॅडम सांगणारेत. एक डाव चल रे, मालूच्या बा."

म्हादूने बराच वेळ तंबाखू मळली. "येतंय. त्या मॅडमकडं औषध असलं तर बघू. नसलं तर रविवारी विळा."

झालं. पोरीची पाठ त्या शुक्रवारवर येऊन टेकली.

शहापूरच्या त्या हॉलमध्ये तीस गुरुजी-बाई आणि दहाबारा आईबाप होते. हर्षाली मॅडम चणीने लहान, आवाजाने त्याहून लहान. त्या सांगत होत्या, काही मुलांच्या कानाला आवाज बोचतो, अंगाला स्पर्श टोचतो, ती मुद्दाम करत नाहीत. निम्मे शिक्षक मोबाईलमध्ये मान घालून होते. यमू मात्र पदराचं टोक मुठीत धरून, पुढे सरकून ऐकत होती.

सुरेंद्र गुरुजी उठले. पट्टीचा हात सगळ्यांना दिसेल असा वर केला. "मॅडम, बोलायला सोपं आहे. हे बघा. आता दुसरा हात पुढे करू का, घे बाई चाव म्हणून?"

हॉल हसला. म्हादूने मान खाली घातली. यमूला ते हसणं फोकेसारखं लागलं.

"सर, चावण्याआधी काय झालं होतं?" मॅडमनी विचारलं.

"काय होणार? घंटा झाली होती."

मॅडमनी मान डोलावली आणि एक खुर्ची हॉलच्या मध्ये ओढली. म्हणाल्या, आपण करूनच बघू. एकाने बसायचं आणि फळ्यावरच्या पाच ओळी वहीत उतरवायच्या. एकाने कानाशी ताट वाजवायचं, एकाने डोळ्यांवर बॅटरी मारायची, एकाने मानेला गोणपाट घासायचं, एकाने सारखं म्हणत राहायचं, लिही, लवकर लिही. आणि उठायला लागला तर दोघांनी खांद्याला नुसता हात लावून बसवायचं. "सर, तुम्हीच बसा."

"छे छे. पोर ज्याची, तो बसू दे," गुरुजी म्हणाले.

म्हादू उठला. पाच ओळी काय, पन्नास लिहीन, अशा थाटात तो खुर्चीत पाय पसरून बसला.

पहिली ओळ त्याने लिहिली. दुसरीत पेन्सिल मोडली. ताट कानाशी वाजत होतं, प्रकाश डोळ्यांत घुसत होता आणि मानेवर गोणपाट खरखर फिरत होतं. 'लिही' म्हणायचं काम गुरुजींनी हौसेने मागून घेतलं होतं, आणि एकदा हात सुटल्यावर ते नियमात कुठले राहायला? त्यांनी फूटपट्टी उचलून म्हादूच्या बोटांच्या पेरांवर हाणली. "लिही की रे गाढवा!" म्हादू उठू लागला, तर दोन धट्टेकट्टे शिक्षक खांद्यांवर अक्षरशः बसलेच. सगळे हसत होते. "थांबा, थांबा," मॅडम म्हणाल्या, पण ताटापुढे त्यांचा आवाज कुणाला ऐकू येणार?

म्हादू ओरडला. शब्द नव्हता त्यात, नुसता ओरडा. त्याने मागे डोकं आपटलं, ते एका शिक्षकाच्या नाकावर बसलं आणि रक्ताची धार लागली. गुरुजींनी त्याची गचांडी धरायला हात पुढे केला, तोच पट्टीचा हात, आणि म्हादूने त्यात दात रुतवले. पट्टीसकट. लेकीने जिथे चावलं होतं तिथेच. गुरुजी बोंबलत खाली पडले, खुर्ची मोडली, म्हादू तिचा पाय घेऊन दिसेल त्याला झोडपत सुटला. ताट भिरकावलं गेलं ते मॅडमच्या तोंडावर बसलं. चौघांनी त्याला जमिनीवर दाबलं तेव्हा तो दोन्ही कान झाकून, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता.

यमू जागची हलली नव्हती. मालू अशीच पडायची, अगदी अशीच.

मॅडमच्या ओठातून रक्त येत होतं. "मी वेळेत थांबवलं नाही, चूक माझी," त्या म्हणाल्या. मग घड्याळ बघून म्हणाल्या, "दोन मिनिटं पण झाली नव्हती."

त्या यमूजवळ येऊन बसल्या. "ताई, ती बिथरली की धरायचं नाही. आवाज बंद करायचा. समोर नाही, बाजूला बसायचं. बोलायचं नाही. वाट बघायची."

"औषध?" म्हादूने खालूनच विचारलं.

"हेच."

म्हादू थुंकला.

खर्डीहून वाडीला जाणाऱ्या रिक्षात लोकांनी त्याला पुरता सोलला. "म्हादू, गुरुजी गोड होता का रे?" घरात पाऊल टाकलं आणि त्याने यमूच्या कानशिलात दिली. मग दुसरी. मग केस धरून तिला चुलीपाशी आपटली. "तू नेलंस मला तिथं! माकड केलंस माझं!" कोपऱ्यात मालू किंचाळत होती. यमूची भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. मार तिला नवा नव्हता. पण त्या रात्री ती मार खाताना रडली नाही. एक गोष्ट तिच्या मनात फिरत होती, आणि ती तिने रविवारपर्यंत कुणाला सांगितली नाही.

रविवारी सकाळी चांगो भगत मोटारसायकलवर आला. अंगणात खैराची लाकडं पेटवली, यमूचा विळा निखाऱ्यात खुपसला. वाडी जमली. तमाशा फुकट असला की कामं बरी थांबतात. सुरेंद्र गुरुजीही आले होते, आता दुहेरी पट्टी बांधून.

म्हादूने मालूला घराबाहेर ओढत आणलं. तिने ओरबाडलं, लाथा झाडल्या, उंबऱ्याला डोकं आपटून घेतलं. त्याने तिला पालथी पाडली, पाठीवर गुडघा दिला, दोन्ही हात पिरगळून धरले. झगा वर सरकला. मंगळवारचे वळ अजून निळे होते.

विळ्याचं पातं लाल झालं. चांगोने फडक्यात मूठ धरून तो बाहेर काढला. "आई, तोंड फिरव."

यमूने तोंड फिरवलं नाही. "चांगोबा, डाग कशापायी देता?"

"लागलंय तिला. चावतं ते."

"मग आदी याला द्या." तिने नवऱ्याकडे बोट केलं. "शुक्रवारी हाच चावला. त्याच हाताला. गुरुजींना इचारा, हितंच हायत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. चांगोने कपाळाला आठी घातली. "पुरुषाला राग येतो, बाय. पोरीला लागतं."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पण इथे तर कार्टंही आपलंच होतं. यमूने पुढे होऊन त्याच्या हातातून विळा हिसकला. मुठीचं लाकूडही तापलं होतं, तळवा चरचरला, तिने सोडला नाही. पातं तिने म्हादूच्या उघड्या दंडापासून वीतभर धरलं.

"सोड तिला."

"यमे, येडी झालीस? ठेव तो!"

"माझा विळा हाय, घरचा हाय. नियमात बसतंय. चावणाऱ्याला डाग द्यायचा, तर मोठ्यापासून सुरुवात. सोड, नायतर देतंय."

दोन्ही हात पोरीला धरण्यात अडकलेले. स्वतःला वाचवायचं तर पोर सोडावी लागणार, आणि वाडीदेखत बायकोला घाबरून पोर सोडणं म्हादूच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. त्याने दात-ओठ खाल्ले आणि मालूला आणखी जोराने दाबलं. ती किंचाळली.

यमूने विळा टेकवला.

चर्र आवाज आला. जळक्या कातडीचा वास अंगणभर झाला. म्हादू असा ओरडला, की पार शाळेसमोरच्या आंब्यावरचे कावळे उडाले. त्या ओरडण्यात शब्द नव्हता. त्याने हात सोडले, मागे कोसळला, आणि कुणी जवळ येताच लाथा झाडू लागला.

"धरू नका त्याला!" यमू कडाडली. "कुणी हात लावायचा नाय. कुणी बोलायचं नाय. सरका सगळी!"

तिच्या हातातला विळा अजून लालच होता, त्यामुळे सगळे सरकले. चांगोने मोटारसायकल गाठली. गुरुजी कधी पसार झाले ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मालू घरात पळाली आणि कणगीमागच्या सांदीत शिरली. बऱ्याच वेळाने म्हादू सरपटत आत गेला. दंडावर विळ्याची कोर उमटली होती, फोड टरारून आला होता. तो सांदीच्या तोंडाशी गेला, थांबला, आणि थोडा बाजूला सरकून बसला. यमू दारात उभी होती.

"किती वेळ बसायचं म्हनली ती मॅडम?" त्याने हळूच विचारलं.

"ती भाईर येईपत्तर."

ऊन उंबऱ्यावरून आत आलं, चुलीपर्यंत गेलं. म्हादू हलला नाही. त्याला घाम फुटला होता, ओठ दाताखाली होते. दोन मिनिटं खुर्चीत न बसलेला माणूस दुपार कलेपर्यंत बसला.

मग मालू बाहेर आली. त्याच्याकडे न बघता तिने चिंचोक्यांची पिशवी ओतली आणि भिंतीपासून रांग मांडायला घेतली. रांग सरकत सरकत म्हादूपर्यंत आली. त्याचा हात वाटेत होता. मालू थांबली. तिने तो भाजलेला हात दोन्ही हातांनी धरला, फोडावर बोटं रुतवून, लाकूड उचलावं तसा उचलला आणि बाजूला ठेवला.

म्हादूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण त्याने हूं की चूं केलं नाही. रांग पुढे गेली.