नेलपॉलिशचे तीन ठिपके

"आधी गाठ, मग फूल. गाठ न मारता पुढचं फूल उचललंस तर हार वाटेतच सुटेल, पोरी." वसईच्या वाडीत मोगरा गुंफताना आय म्हणायची, आणि लगेच सूर धरायची:

आधी मारावी गं गाठ, मग ठेवावं गं फूल,
सैल गाठीच्या हाराची वाटेवर होई धूळ.

चाळीस वर्षांनी, परदेशात, कॅसल हिलच्या आमच्या गॅरेजमध्ये, माझा नवरा एलायस विमान बांधत होता. दोन सीटचं, सुटे भाग खोक्यांतून आलेलं. लॉकडाऊन लागो की सुटो, रोज संध्याकाळी तो अशा घरच्या विमानांच्या अपघातांचे अहवाल मोठ्याने वाचायचा, रोझरीची माळ जपल्यासारखे.

"ऐक, ऑली. इंधनाच्या नळीत राहिलेला कचरा. नवं इंजिन, पहिल्याच चढणीला बंद. पायलटला विमानाची सवय नाही. आणि हे बघ, कसायचा राहिलेला नट. विमान वाऱ्याने नाही गं पडत. गॅरेजमध्येच पडलेलं असतं."

"मग बांधतोस कशाला?"

"दिवसभर घरात तुझ्यासमोर बसण्यापेक्षा बरं."

आमची रीत ठरलेली. तो टॉर्क रेंचने नट कसायचा. ताण पुरा झाला की रेंच टक् करायची, आणि मी त्या नटवर माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायचे. ठिपका म्हणजे साक्ष. हा कसून झालाय, आता कोणी हात लावू नका.

एप्रिल २०२१. विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा शेपटीत जोडतात, तिथले नट चालले होते. एलायस सावकाश, एकेक. माझ्या ओठांवर आयचं गाणं आलं आणि हात त्याच्या लयीत पुढे सरकला. टक् व्हायच्या आधीच तीन ठिपके लागून गेले. पुसायला चिंधी घेतली, तेवढ्यात फोन वाजला. माझा भाऊ जॉयल, वसईहून.

"ऑली, आय गेली गं. बेडच मिळाला नाही."

एलायसने रेंच खाली ठेवली. सीमा बंद होत्या. रेंचच्या डब्याला फोन टेकवून आम्ही आयची माती पाहिली. पाच माणसं, पाऊण तास. मी रडले नाही. नंतर भांडी घासली.

नऊ दिवसांनी त्याने काम पुन्हा धरलं. ठिपके संपले होते तिथून पुढे. मी शेजारीच उभी होते, बाटली हातात. ते तीन नट सैल आहेत हे मला माहीत होतं, आज मंगळवार आहे हे माहीत असावं तसं. त्याहून जास्त काही होत नव्हतं. आतून सगळं पांढरं, शिजून गार झालेल्या भातासारखं. वरून पत्रा बसला, रिव्हेट लागले. मग वाटलं, त्याने कसून घेतलेही असतील, मी चहाला गेले तेव्हा. असं वाटून घेणं सोपं होतं.

तपासणीला आलेला म्हातारा शेपटीच्या झडपेतून टॉर्च मारून हसला. "रेड डॉट्स! ब्यूटिफुल, मेट."

"बायकोचं काम," एलायस म्हणाला. छाती बघावी त्याची.

नोव्हेंबरात रस्ते उघडले. तीन तास गाडी चालवून आम्ही धावपट्टीवर आलो. दोन्ही बाजूंना सुकं गवत, मॅगपाय पक्षी ओरडत होते. पहिलं उड्डाण, तो एकटाच जाणार. दिसतील तेवढ्या ठिपक्यांवर तो बोट ठेवत फिरला, पुटपुटत, "आधी गाठ, मग फूल." आयचं वाक्य. माझ्याकडूनच शिकलेला.

पाय आत टाकून त्याने चष्म्याची डबी माझ्या हातात दिली. गॅरेजमध्ये पत्रा बंद करताना दरवेळी विचारायचा तेच विचारलं.

"ऑली, काही राहिलं का?"

दरवेळी मी नाही म्हणायचे. आताही तोंडात तेच होतं. डबी त्याच्या हाताने कोमट झाली होती. कितीतरी महिन्यांत काही कोमट लागलं नव्हतं मला.

"उतर," मी म्हणाले.

"काय गं? नो वरीज, दहा मिनिटांत परत येतो."

"उतर, एलायस. शेपटीतले शेवटचे तीन. आय गेली त्या दिवशी ठिपके मी आधीच लावले होते. तू ते नट कसलेच नाहीस."